शिरा केशरी कशाने होतो?

ओलं_खोबरं (ठाणे)

गेली चार वर्षं मी घरून न्याहारीचे डबे देते. आठवडाभर पोहे, उपमा, इडली, धिरडी आलटून पालटून आणि रविवारी शिरा. रविवारी साठेक डबे जातात, त्यातले निम्मे लोक फक्त शिऱ्यासाठी डबा लावतात. आता इथे कबूल करायला हरकत नाही की त्या शिऱ्याच्या कौतुकातला मोठा वाटा वाण्याकडच्या एका छोट्या डबीचा होता. केशरी रंग. चमच्याच्या दांड्यावर मावेल एवढा दुधात कालवून ओतला की पातेलं उजळून निघायचं.

मध्यंतरी डबी संपली. टाकायच्या आधी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. मीठ, आणि १०२, ११० हे रंगांचे आकडे. पुढे केशराच्या काड्यांचं चित्र, मागे केशराचं नावही नाही. हे मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच दिवशी शेजारची चार वर्षांची चिमुरडी माझ्या ओट्यापाशी बसून शिरा खात होती आणि तिची जीभ केशरी झाली होती. आरशात जीभ बघून ती खिदळत होती. मला काही हसू येईना.

ठरवलं, आता रंग झाडाचाच. चार रविवार प्रयोग केले, त्यांचा हिशोब देते.

पहिल्या रविवारी केशर. रंग सुरेख, वास सुरेख, पण साठ डब्यांत डोळ्याला दिसेल एवढं घालायचं तर डब्याचे पैसे दीडपट करावे लागतील. दुसऱ्या रविवारी हळद, नखावर राहील एवढीच. रंग आला, पण शिऱ्याला वरणाचा वास. घरातल्यांनी काही न बोलता खाल्ला, ते जास्त लागलं. तिसऱ्या रविवारी गाजराचा रस काढून आधणात घातला, तर शिरा झाला मळकट. चौथ्या रविवारी गाजर बारीक किसून आधी तुपात मंद परतलं, किस गाळून बाजूला काढला आणि त्या केशरी तुपात रवा भाजला. हा जमला! रंग पिकायला लागलेल्या पपईसारखा. म्हणजे डबीच्या मानाने फिकाच. अकरा वाजेपर्यंत पाच मेसेज आले, "ताई, आज रंग विसरलात का?" एका आजींनी तर फोन करून विचारलं, काल गाजरहलवा उरला होता का गं?

इडलीचं विचारूच नका. बीटाचा रस घातलेलं पीठ असं गुलाबी दिसत होतं की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. वाफवून काढल्या तर जुन्या विटा. पालकाच्या इडल्या पोलिसांच्या गणवेशाच्या रंगाच्या.

तर विचारायचंय ते असं. हे रंग पातेल्यात एक आणि ताटात भलतेच का होतात? रोजच्या न्याहारीत कोणी वापरतं का? आणि गिऱ्हाइकाला जो रंग हवाय तो मुकाट्याने द्यावा, की हा हट्ट धरावा?

खवचट_खवय्या

विटा आणि पोलीस एकाच ताटात. चटणी कुठल्या खात्याची होती? :)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बटरवालं नाही, नाहीतर त्याचा रंग कशाने म्हणून विचाराल.

निमूट_वाचक

वाचतेय. पालकाच्या इडल्या माझ्याही तशाच होतात.

टेस्टट्यूब

माझा पोटापाण्याचा धंदाच खाण्याच्या रंग-वासाचा आहे, त्यामुळे लांबण लागणार. आधीच माफी.

गाजराचा रंग कॅरोटीनचा. तो तेलातुपात उतरतो, पाण्याला दाद देत नाही. म्हणून तुमचा तिसरा रविवार फसला आणि चौथा जमला. केशराचं उलट, त्यातलं क्रोसिन पाण्यादुधात उतरतं, तुपात नाही. तेव्हा केशर कोमट दुधात आणि गाजर तुपात, हे एवढं पक्कं धरून चाला. केशराला वेळही द्या. खरं केशर हळूहळू रंग सोडतं आणि काडी लालच राहते. टाकल्या टाकल्या दूध लालभडक झालं आणि काडी पांढरी पडली तर समजा दुकानदाराने काडीच रंगवलेली आहे.

बीटाचा रंग आंबटात टिकतो आणि उष्णतेला भितो. इडलीचं पीठ आंबलेलं असतं, म्हणजे निम्मी लढाई तुम्ही आधीच जिंकलेली असते. मग विटा का झाल्या? मला दाट शंका आहे की सोडा घातला असणार. सोड्याने आंबटपणा मरतो आणि त्यात पंधरा मिनिटं वाफ, मग बीट टिकतंय कशाला. सोडा बंद करा, पीठ रात्रभर नीट आंबू द्या, बीट उकडू नका, कच्च्या बीटाचा रस साच्यात घालायच्या अगदी आधी मिसळा आणि छोट्या इडल्या करा, म्हणजे सात-आठ मिनिटांत उतरतील.

पालकाचा स्वभाव बरोबर उलटा. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. आंबट आणि उष्णता एकत्र आली की ते निसटतं आणि रंग शेवाळी होतो. म्हणजे जे पीठ बीटाला तारतं तेच पालकाला मारतं. पालक इडलीत घालूच नका. मूगडाळीच्या न आंबवलेल्या धिरड्यात घाला. तव्यावर दोन-तीन मिनिटांत काम होतं, हिरवा राहतो. पाने उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकलीत तर आणखी छान.

ओलं_खोबरं

सोडा घातला होता. चिमूटभरच, पण घातला होता. थंडीत पीठ फुगत नव्हतं म्हणून. तुम्हाला ठाण्यातलं माझं स्वयंपाकघर दिसतं की काय?

दोन_पोरांची_आई

सोड्यावरून आठवलं. माझ्या खमणावर नेहमी लाल लाल ठिपके पडायचे. मला वाटायचं मिरची पावडरचा चमचा बेसनात गेला असणार. सासूबाई म्हणायच्या हळद खराब आहे. दोन वेळा हळद बदलली, ठिपके तसेच.

टेस्टट्यूब

हळद निर्दोष आहे, सासूबाईंना सांगा. :) सोडा नीट न मिसळता गुठळीने राहिला की त्या गुठळीपाशी हळद लाल होते. हळदीचा डाग साबणाने धुताना एकदम लाल होतो ना, तेच. आणि कुंकू तरी काय, हळदीला चुना लावला की लाल. आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकता येत होतं. खमणावर वरून लिंबूपाण्याची फोडणी गेली की ठिपके पुन्हा पिवळे होतात, करून बघा.

खवचट_खवय्या

म्हणजे खमणाला सौभाग्याचं लेणं. बाय द वे हा किस्सा आवडला, पॉपकॉर्न संपले.

हिशेबी_माणूस

जरा विरोधी सूर लावतो. तुम्ही वापरत होतात ते रंग सरकारमान्य आहेत. टार्ट्राझिन (१०२) आणि सनसेट यलो (११०) दोन्ही परवानगीच्या यादीत. मिठाईला किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. तुमची चिमूट त्याच्या आत असेल तर कुणाला काही होत नाही. उलट या 'नैसर्गिक'च्या नावाखाली बाजारात जे काय विकलं जातं ते बघा. भांग, धोतराही नैसर्गिकच आहेत. साठ लोकांचा हक्काचा आवडता पदार्थ बिघडवून काय साधलं?

ओलं_खोबरं

माझी चिमूट त्याच्या आत होती का, हाच तर प्रश्न आहे. मी कधी मोजली नाही. तुम्ही बिर्याणीवाल्याला, जिलेबीवाल्याला रंग मोजताना पाहिलंय का?

टेस्टट्यूब

हिशेबी यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडे परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आठ आहेत, आणि मर्यादेत वापरले तर ते विष नव्हेत. उगाच भीती घालणाऱ्या फॉरवर्डांचा मलाही कंटाळा आहे. पण १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, तोही किलोभर पदार्थाला. घरच्या काट्यावर तो दिसतसुद्धा नाही. डबीत मीठ मिसळलेलं असतं म्हणून चिमूट थोडी निभावते, पण किती मीठ आणि किती रंग हे प्रत्येक डबीत वेगळं. त्यातून ही परवानगी ठरावीक पदार्थांनाच आहे, सरसकट भाजी-भातात घालायला नाही.

मुलांचं म्हणाल तर २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मुलं घेतली होती, त्यांना काही रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट (टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन) घातलेलं पेय दिलं. चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि कोणत्या घटकाने झाला तेही वेगळं काढता येत नव्हतं. तरीसुद्धा युरोपात जुलै २०१० पासून सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापावा लागतो की यामुळे मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष लागण्यावर परिणाम होऊ शकतो. १०२ आणि ११० दोन्ही त्या सहांत आहेत. टार्ट्राझिनने काही थोड्या लोकांना अंगावर पित्त उठतं, तेही नोंदलेलं आहे.

पण खरी काळजी या आठांची नाहीच. सुट्ट्या पुडीत मिळणारा पिवळा बऱ्याचदा मेटॅनिल यलो असतो आणि गुलाबी ऱ्होडामिन बी. हे दोन्ही कापडा-कागदाचे रंग. खाण्यात बंदी आहे. पुडीवर आकडाच नसेल तर वाचणार काय?

बेळगावी_कुंदा

ऱ्होडामिनवरून आमच्याकडे २०२४ मध्ये मोठा गाजावाजा झाला. आधी फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीने रंगीत बुढ्ढी के बाल बंद केले, मार्चमध्ये कर्नाटकाने तेच केलं आणि गोबी मंच्युरिअनमधल्या कृत्रिम रंगावरही बंदी आणली. जूनमध्ये कबाब. दोन आठवडे गाड्यांवर गोबी एकदम खरपूस तपकिरी दिसत होती. मला तीच जास्त आवडली, पण गाडीवाला म्हणाला, गिऱ्हाईक कच्ची आहे का विचारतंय.

आमच्या केसरीबाथचंही तेच. नाव केशराचं आणि रंग डबीचा. मराठी शिऱ्याला ही केशरी सवय मला वाटतं उडपी हॉटेलांतून लागली. तिथे साधा शिरा केशरी आणि अननसाचा पिवळा. बघून घरीही तसाच हवा झाला.

आणि रंग आणायची जुनी रीत म्हणाल तर आमचा कुंदा बघा. दूध आटवून आटवून तपकिरी होतं, साखर करपायच्या बेताला येते. बाहेरून काही नाही. फक्त हात दुखतात.

आजोळची_ओटी

मला एक सांगा. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कोणी कधी केशरी केलेला पाहिलाय? सव्वा मापाचा रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, दूध आणि केळं. रंग येतो तो रवा किती खमंग भाजला त्याचा. तांबूस. आणि तो द्रोणात चमचाभरच मिळाला म्हणून माणसं रुसतात. त्याला कोणी "रंग विसरलात का" विचारत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांना शिऱ्यात रंग नको आहे हो, त्यांना ओळख हवी आहे. इतके रविवार तुम्हीच त्यांना केशरी दाखवलंत.

ओलं_खोबरं

ओटीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच. आणि शेवटचं वाक्य टोचलं, पण बरोबर आहे.

सांगलीचा_हळद्या

हळदीचं नाव निघालंय म्हणून लिहितो. आमची हळद पूर्वी हरिपूरच्या पेवांत ठेवायचे, जमिनीखालच्या मोठ्या खड्ड्यांत, अंधारात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं. अंधाराचं कारण साधं आहे, हळदीचा रंग उजेडात उडतो. कपड्यावरचा डाग उन्हात वाळत टाकला की फिका पडतो तो त्यामुळेच. आणि आपण काय करतो? हळद काचेच्या बरणीत भरून खिडकीत मांडतो, कारण दिसायला छान दिसते. मग पोह्यात दुप्पट घालतो आणि पोहे कडू झाले म्हणून रडतो.

दुसरं. हळद झाडाची म्हणजे निर्धोक असं डोळे मिटून धरू नका. हळकुंडांना पॉलिश करताना पिवळेधमक दिसावं म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळल्याची प्रकरणं झालेली आहेत. बांगलादेशात तर रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोचले होते. कृत्रिम रंग सोडून हळदीवर आलात आणि हळदीतच शिसं, तर आगीतून फुफाट्यात. शक्य असेल तर हळकुंडं घेऊन दळून आणा. पूड घेतलीत तर ग्लासभर पाण्यात चमचाभर न ढवळता टाका. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी पटकन गडद पिवळं झालं तर त्या दुकानाला रामराम. ही चाचणी मिसळलेल्या रंगाची आहे, शिसं मात्र घरी कळत नाही.

पोह्यांना एक सुचवतो. हळद फोडणीत तेलात घाला, भिजवलेल्या पोह्यांवर भुरभुरू नका. तेलात गेली की निम्म्या हळदीत तेवढाच रंग येतो आणि कच्चा वासही जातो.

हिशेबी_माणूस

हळद्या, बरणीचं मान्य. आजच कपाटात गेली.

जर्सीतली_जुई

इथे अमेरिकेत न्याहारी म्हणजे मुलांच्या वाटीतलं रंगीत सिरियल, आणि त्याची गोष्ट अगदी ओलं_खोबरंच्या शिऱ्यासारखी आहे. जनरल मिल्स कंपनीचं ट्रिक्स म्हणून आहे, १९५४ पासूनचं. २०१६ मध्ये त्यांनी त्यातले कृत्रिम रंग काढून हळद, मुळा आणि जांभळं गाजर यांचे रंग घातले. निळा आणि हिरवा मनासारखा मिळेना म्हणून ते दोन गोळे काढूनच टाकले. पुढे काय झालं असेल? लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला की आमचं लहानपण फिकं केलंत. २०१७ मध्ये कंपनीने जुनं भडक ट्रिक्स 'क्लासिक' म्हणून परत आणलं. "ताई, आज रंग विसरलात का?"चं हे इंग्रजी भाषांतर समजा.

गंमत अशी की फ्रूट लूप्स नावाचं दुसरं सिरियल पलीकडे कॅनडात कधीचं गाजराच्या वगैरे रंगात मिळतं आणि इकडे तेच भडक रंगात. माझी नणंद टोरांटोला असते. दोन्हीकडचे खोके शेजारी ठेवले तर कॅनडाचं उन्हात राहिल्यासारखं दिसतं. मुलांनी मात्र दोन्ही सारख्याच वेगाने संपवलं.

आता वारं फिरलंय. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याने, रेड ३, म्हणजे एरिथ्रोसिन, खाण्यातून काढायचं ठरवलं, मुदत जानेवारी २०२७ ची. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी वनस्पतीच्या एका निळ्या रंगाला सिरियलमध्ये वापरायची परवानगी दिली. कोणत्या? बटरफ्लाय पी. मी फोटो बघितला आणि ओरडलेच. अहो, ही तर आपली गोकर्ण! आईच्या गच्चीतल्या कठड्यावर चढलेली, शंकराला वाहायची.

टेस्टट्यूब

जुई, बरोबर. आणि तो रेड ३ म्हणजे आपल्याकडचा १२७. टुटीफ्रुटीच्या पाकिटावर बघा, भेटण्याची शक्यता आहे.

जाता जाता, नैसर्गिक म्हणजे वनस्पतीचाच असंही नाही. १२० आकड्याचा लाल रंग किड्यांपासून काढतात. आणि ब्राऊन ब्रेड तपकिरी दिसतो म्हणून गव्हाचा समजू नका, पाकिटावर १५० दिसला तर ते कॅरॅमल आहे, जळवलेल्या साखरेचा रंग. उलट चांगली बातमीही आहे. अमूल बटरचा पिवळा रंग ॲनाटोचा, तसं पाकिटावर छापलेलं असतं. ॲनाटो म्हणजे शेंद्रीचं बी. म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसतं, त्यामुळे तिचं लोणी पांढरंच निघतं. रोज सकाळी पावाला आपण शेंद्री लावतोय, नकळत.

कुडाळचो_काको

गोकर्ण म्हटल्यावर मला राहवलं नाही. आमच्याकडे शिरवाळ्या करतात, म्हणजे तांदळाच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. गेल्या पावसाळ्यात नातीने हट्ट धरला म्हणून गोकर्णीची दहा-बारा फुलं देठाकडचा हिरवा भाग काढून वाटीभर उकळत्या पाण्यात घातली. पाच मिनिटांत पाणी शाईसारखं. त्या पाण्यात पिठाची उकड काढली आणि शिरवाळ्या पाडल्या. निळ्याशार! चव काही नाही, वास काही नाही, फक्त रंग. बायको म्हणाली हे खाण्याचं दिसत नाही, आणि सगळ्यांत जास्त तिनेच खाल्ल्या.

नातीने उरलेल्या पाण्यात लिंबू पिळलं तर ते जांभळं झालं. ती आता शाळेत हा जादूचा प्रयोग करते.

आणखी एक, कोकमाचा गुलाबी. तो शिऱ्यात जायचा नाही, आंबट आहे. पण घावनाबरोबरच्या खोबऱ्याच्या चटणीत दोन आमसुलं वाटा. रंग अबोलीसारखा येतो आणि शिजवायचा प्रश्नच नाही. बाय माझे, तू इडलीच रंगवायच्या मागे का लागलीस? इडली पांढरी असू दे, चटणी रंगव.

ओलं_खोबरं

काका, आज चटणी केली. आमसुलाची. अबोलीच. आणि त्याच सपाट्यात बीटही इडलीतून काढून दह्यात घातलं, वरून जिऱ्याची फोडणी. शिजवायचं नसल्यामुळे रंग गेला तर नाहीच, उलट तासाभराने जास्तच खुलला. पांढऱ्या इडल्या, गुलाबी दही, बाजूला हिरवं मुगाचं धिरडं. डबा उघडल्यावर गिऱ्हाइकांनीच फोटो पाठवले. पहिल्यांदाच.

दोन_पोरांची_आई

बीटवाल्यांसाठी एक इशारा, हसू नका. धाकट्याला सलग दोन दिवस बीटाचं दही-पराठे दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून किंकाळी, "आई, रक्त!" मी ओल्या हातांनी धावले. नवरा डॉक्टरांचा नंबर लावतोय, आणि थोरला शांतपणे म्हणाला, काल बीट खाल्लंय त्याने. डॉक्टरांनीही हेच सांगितलं, काही जणांना बीटाने लघवी गुलाबी होते, घाबरायचं कारण नाही. डबे देणाऱ्या ताईंनी चिठ्ठीच लावावी डब्यावर.

टुटीफ्रुटी मी घरी करते. कच्च्या पपईचे बारीक चौकोनी तुकडे पाण्यात वाफवून पारदर्शक करायचे, साखरेच्या पाकात दोनतारीपर्यंत शिजवायचे. गॅस बंद करून पाक जरा निवला की तुकड्यांचे दोन भाग करून एकात बीटाचा रस आणि लिंबाचे चार थेंब, दुसऱ्यात हळदीचं बोट. रात्रभर मुरवून जाळीवर वाळवायचे. बाहेरच्यासारखा चमकता लाल येत नाही. राणी रंगावर जातो.

ओलं_खोबरं

चिठ्ठी लावली. :) "आज बीट आहे, उद्या सकाळी घाबरू नये."

निमूट_वाचक

कधी लिहीत नाही, पण पालक धिरड्यात घातला. हिरवा राहिला!! टेस्टट्यूबदादा, धन्यवाद.

हिशेबी_माणूस

धागा वाचून मी स्वतः एक हिशोब केला. केशराचा. एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात, तेव्हा ताईंचा पहिला रविवार का फसला ते कळलं. पण गाजराचं तूप साठ डब्यांना परवडतं का? आणि उन्हाळ्यात गाजर कुठून आणणार?

ओलं_खोबरं

परवडतं. किलोभर रव्याला पाव किलो गाजर पुरतं, आणि किस वाया जात नाही, तो दुसऱ्या दिवशी पराठ्यात जातो. उन्हाळ्यात बारमाही गाजर मिळतं, पण ते फिकट. तेव्हा एप्रिल-मे आंब्याचा शिरा. रसाने रंगही येतो आणि कोणी रंगाबद्दल बोलतही नाही. पावसाळ्यात लाल भोपळा करून बघणार आहे, तोही तुपात परतून. तुमचं काय मत?

आजोळची_ओटी

भोपळ्याचा गोडवा धरून साखर कमी करा, नाहीतर घारगेच वाटतील.

हिशेबी_माणूस

आंब्याचा शिरा कधी आहे तेवढं सांगा. मी कळव्याला राहतो.

ओलं_खोबरं

म्हणजे एवढा वाद घातलात आणि आहात शेजारी? एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी. एक डबा तुमचा.

मागच्या रविवारचं सांगायचं राहिलं. प्रसादासारखा केला, केळं घालून, रवा नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त भाजून. गाजर नाही, केशर नाही, काही नाही. मेसेज दोनच आले. एकाने विचारलं, आज घरी पूजा होती का? दुसरा त्याच आजींचा होता, डबे एकाऐवजी दोन करायला सांगितले. पण तीन डबे सुटलेही, तेही लिहून ठेवते. एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, आमच्या मुलाला केशरीच लागतो.

शेजारच्या चिमुरडीला मात्र जीभ रंगायला हवी आहे. तिला काकांच्या निळ्या शिरवाळ्यांचं सांगितल्यापासून रोज दार वाजवते. ठाण्यात गोकर्णीचं बी कुणाकडे आहे का? रोपवाटिकेत विचारलं तर पांढरी दिली.

निमूट_वाचक

माझ्याकडे निळी आहे. पाचपाखाडी. शेंगा अजून हिरव्या आहेत, वाळून तडकल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आदल्या रात्री बी भिजवून लावा.